गावंडे मॅडम आणि दगडातला पाहुणा

गावंडे मॅडमच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला एक काळा गोफ असायचा आणि त्याला दहापटीचं छोटं भिंग लटकलेलं असायचं. लग्नकार्यात, बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे. त्यांच्या भाचीच्या लग्नात नवरदेवाकडच्या एका बाईनं विचारलं होतं, हा कोणता दागिना. मॅडम म्हणाल्या, "हा खरा हाये. बाकीचे बेन्टेक्सचे."

अकोल्याच्या कीटकशास्त्र प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली नोकरीला लागले. मी मूळची मोर्शीची, संत्र्याच्या बगिच्यात वाढलेली, त्यामुळे किडे आपल्याला कळतात असा माझा समज होता. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक डबी सरकवली आणि विचारलं, "हे काय हाये?"

"अळी," मी म्हटलं.

"तुह्या बापाले कोनी विचारलं, तुमच्या घरात कोन कोन राह्यते, अन् थो म्हनला 'मानसं राह्यतात', तर चालन काय?"

 त्यांनी डबी परत घेतली नाही. ती अळी कोणाची, कोणत्या वयाची, कशावर जगते, हे सांगता येईपर्यंत डबी माझ्याच टेबलावर राहिली. अळीचा कोष झाला, कोषातून पतंग निघाला, तेव्हा कुठे मला नाव सांगता आलं. मॅडमनी मान डोलावली आणि खिडकी उघडून पतंग सोडून दिला.

"आधी नाव, मंग निकाल," हे त्यांचं वाक्य आमच्या प्रयोगशाळेत शिपायालाही पाठ होतं. शेतकरी येत. कोणी काडेपेटीत, कोणी विड्याच्या पुड्यात, कोणी नुसतं मुठीत धरून काहीतरी आणायचं आणि दारातूनच विचारायचं, कोणतं औषध मारू? मॅडम त्याला आधी बसवायच्या. मग तो माणूस कितीही लांबण लावो, वावर कुठलं, पेरा कधीचा, शेजाऱ्यानं काय फवारलं, सगळं ऐकून घ्यायच्या. इतक्या फटकळ बाईला इतका धीर कुठून येतो, याचं मला नवल वाटायचं.

एकदा मूर्तिजापूरकडचा एक तरुण शेतकरी काडेपेटीत काळे, काटेरी, पाठीवर नारिंगी ठिपके असलेले किडे घेऊन आला. दिसायला छोट्या मगरीसारखे. कपाशीवर हेच सुटलंय म्हणाला. मॅडमनी एक किडा काचेच्या बशीत ठेवला, शेजारी मावा लागलेलं पान ठेवलं आणि गळ्यातलं भिंग काढून त्याच्या हातात दिलं. तो बराच वेळ पाहत राहिला. किडा एकेक मावा धरून खात होता.

"हे ढालकिड्याचे पिल्लं, तुह्या वावराचे चौकीदार हायेत," मॅडम म्हणाल्या. "आता सांग, कोनाले मारतो?"

त्या पोराचा चेहरा उतरला. अर्धं वावर त्यानं आदल्या दिवशीच फवारलं होतं. मॅडम त्याला काही बोलल्या नाहीत. पण त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही. भाकर आणि ठेचा तसाच घरी गेला. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्यानं आमाले आधी विचारावं, असं आमी काय केलं? गावात जाऊन कधी सांगितलं काय?" चूक त्या पोराची, आणि ती आपल्या अंगावर घेऊन या बसलेल्या.

त्यांचे यजमान, माधवराव गावंडे, अगदी उलट. भूगोलाचे शिक्षक. चांदूर बाजारला बरीच वर्षं होते, मग अकोल्याला आले. बोलायला लागले की चहा गार व्हायचा. सगळी नोकरी त्यांनी भरती-ओहोटी शिकवण्यात घालवली आणि प्रत्यक्ष समुद्र पाहिला तो केस पिकायला लागल्यावर, शाळेच्या सहलीबरोबर. मुलं पाण्यात खेळत होती आणि सर किनाऱ्यावर उभे राहून रडत होते, असं मॅडम हसत हसत सांगायच्या. सर त्यावर म्हणायचे, "अरे बाप्पा, ज्याच्यावर पोट भरलं, त्याले तोंड दाखवाले इतका उशीर. लाज वाटली."

निवृत्त झाल्यावर सरांनी घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी केली. अकोल्यात. जिथे मे महिन्यात नळाचं पाणी अंगावर घेववत नाही, तिथे. पाणी गाळायचं, त्यात समुद्री मीठ मोजून विरघळवायचं, ते गार ठेवायला वेगळं यंत्र, वीज गेली तर इन्व्हर्टर. मॅडम म्हणायच्या, "आमाले कूलर अन् मासोळ्याइले फ्रीज." पण त्यांचं लक्ष टाकीकडे वळलं ते मुंबईहून दगड आले तेव्हा. तिथल्या कोण्या हौशी माणसानं आपली टाकी मोडली होती. त्याचे जुने, छिद्राछिद्रांचे दगड आमच्याकडच्या माशांच्या दुकानवाल्या रफीकभाईंनी थर्माकोलच्या खोक्यातून, ओल्या कागदात गुंडाळून मागवून दिले. देताना म्हणाले, "सर, पत्थर में कौन-कौन बैठा है, अल्ला जाने. बाद में मेरे को मत पूछना."

तेच तर मॅडमना हवं होतं. दगडांच्या छिद्रांमधून नको असलेले, न मागवलेले जीव येतात. दिवसा ते दिसत नाहीत. सर त्यांना 'बिनतिकीट मंडळी' म्हणायचे. मॅडमनी बॅटरीच्या काचेवर मिठाईच्या डब्याचा लाल जिलेटिनचा कागद बांधला, कारण लाल उजेड या जिवांना कळत नाही. भर दुपारी खिडक्यांना गोधड्या लावून खोलीत अंधार करायचा आणि दोघांनी टाकीसमोर बसायचं. त्या दिवसांत मी बरेचदा त्यांच्याकडे असायचे. माझी भाड्याची खोली त्यांच्याच गल्लीत होती. पिसाऱ्यासारखा उघडणारा आणि सावली पडली की झटकन मिटणारा एक किडा निघाला. मग सापाच्या शेपटीसारखे पाच हात असलेला एक तारामासा. प्रत्येक वेळी मॅडम पुस्तकं काढायच्या, फोनवर चित्रं पाहायच्या आणि नाव सापडलं की सरांच्या पाठीवर थाप मारायच्या. लग्नाला एवढी वर्षं झालेलं जोडपं असं एकमेकांना कोपरानं ढोसत बसलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

एकदा बोटभर लांबीचा, दोन्ही बाजूंना केसांच्या झालरी असलेला गुलाबी किडा दगडाबाहेर सरपटत आला. सर घाबरले. "काढ थो पहिले, प्रमिला. मासे खाईन थो."

"कोनी सांगितलं?"

"दिसतेच तसा."

"तुमी बी सकाळी उठल्यावर कसे दिसता, थे मी कोनाले सांगते काय?" असं म्हणून मॅडमनी तो किडा हातानंच उचलला आणि निरखून पाहिला. निवडुंगाच्या लवेसारखे त्याचे केस बोटात घुसले. दोन दिवस बोटं सुजली होती. पण तो किडा त्यांनी परत टाकीत सोडला. तळाशी पडलेली घाण खाऊन साफ करणारा तो जीव, त्याच्याकडून माशांना काही धोका नाही, एवढी त्यांची खात्री झाली होती. सुजलेल्या बोटांनी पोळ्या लाटताना म्हणाल्या, "झाडूवाला हाये थो. झाडूवाल्याले कोनी हाकलते काय?"

मॅडम निवृत्त झाल्या. आता दोघं मिळून कोकण पाहणार होते. तिकिटं काढायची तेवढी बाकी होती, आणि सरांना पक्षाघाताचा झटका आला.

उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. कळायचं सगळं. ओळखायचे, हसायचे, पण शब्द तोंडापर्यंत येऊन अडायचा. अर्धा निघायचा, नाहीतर भलताच निघायचा. बोलण्याचा सराव करून घ्यायला एक बाई यायची. ती मॅडमना सांगायची, त्यांना वेळ द्या, त्यांचा शब्द तुम्ही बोलू नका. मॅडम हो म्हणायच्या. पण दिवसभर त्यांना उचलणं, बसवणं, पुसणं, भरवणं एकटीनं करायचं. मुलगा पुण्याला. एवढ्या कामात शब्दाची वाट पाहायला कुणाला वेळ असतो. सरांनी 'पा' म्हटलं की पाणी यायचं, पंख्याकडे पाहिलं की पंखा लागायचा. चुकलं तर सर मान हलवायचे, मग मॅडम दुसरं काही करायच्या, आणि शेवटी सर डोळे मिटून घ्यायचे.

त्यांचा पलंग हॉलमध्ये टाकीजवळ ठेवला होता. टाकी भिंतीपासून आडवी पुढे आलेली होती. तिची लांब बाजू खोलीकडे होती, तिथून आम्ही पाहायचो. अरुंद बाजू सरांच्या उशीकडे होती. तिकडून फक्त सरांना दिसायचं. तिकडे वळून पाहायचं कधी कोणाच्या मनातही आलं नाही.

उन्हाळ्यात टाकीतले जीव नाहीसे व्हायला लागले. आधी गोगलगायी. रिकामे शंख तेवढे वाळूवर. मग एक छोटा निळा मासा. मग नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली जी जोडी सरांची फार लाडकी होती, त्यातला एक अर्धवट खाल्लेला सापडला. आणि त्याच सुमाराला टाकीतून आवाज यायला लागला. टक्. बोटं मोडल्यासारखा, काचेला तडा जावा तसा. थोड्या वेळानं पुन्हा टक्.

मॅडमनी फोनवर शोधलं. मासे पाळणाऱ्यांच्या एका समूहात विचारलं. कोणीतरी लिहिलं, आवाज येतो म्हणजे तोच. खंडोबाच्या किड्यासारखे पुढचे पाय दुमडून बसणारा एक समुद्री जीव असतो, दगडात लपतो, एका फटक्यात शंख फोडतो, मासे मारतो. लवकर काढा, नाहीतर एकही उरणार नाही. मॅडमनी ते मला वाचून दाखवलं.

"तुम्ही पाहिला का?" मी विचारलं.

"ऐकला. पाहाची काय गरज हाये? आवाज बी तोच, काम बी तेच."

मला ते विचित्र वाटलं. दुकानदारानं सांगितलं म्हणून फवारलं, असं शेतकरी म्हणाला की याच बाई किती चिडायच्या. पण त्यांचे डोळे खोल गेले होते. धड झोप नव्हती. त्या काळात त्या बोलताना मध्येच थांबायच्या आणि आपण काय बोलत होतो ते विसरायच्या. माझ्याच्यानं पुढे बोलवलं नाही.

एका रविवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. खिडक्यांना गोधड्या लावल्या. आवाज नेमका कुठून येतो ते कळावं म्हणून कूलर बंद केला. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. खोली भट्टीसारखी तापली. सरांच्या कपाळावरून घाम उशीवर ओघळत होता आणि ते एकटक टाकीकडे पाहत होते. मी लाल बॅटरी धरली. मॅडम काचेला कान लावून बसल्या.

टक्.

"या दगडातून," मॅडम म्हणाल्या आणि उठल्या.

तेव्हा सरांनी डाव्या हातानं पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटायला सुरुवात केली. "दोस," ते म्हणाले. "दोस. दोस."

"डोस झाला तुमचा," मॅडम बाही वर करत म्हणाल्या. "आता संध्याकाळी."

"दोस."

सरांनी डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटवून वर केली आणि हलवली.

"हो, दोन गेले. मासे दोन गेले, मले माहीत हाये. तिसरा नाई जाऊ द्याचा. तुमचेच मासे वाचवून राह्यले मी. थांबा ना."

सर आणखी जोरात आपटायला लागले. मॅडमनी दोन्ही हात पाण्यात घातले, दगड उचलला आणि पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेमध्ये ठेवला. इंजेक्शनच्या मोठ्या नळीत सोडा वॉटर भरून एकेका छिद्रात सोडलं. सोड्यानं आतल्या जिवाचा श्वास कोंडतो आणि तो बाहेर येतो, हे त्यांनी वाचलं होतं. तिसऱ्या की चौथ्या छिद्रातून फेस आला आणि फेसाबरोबर एक जीव ट्रेमध्ये पडला.

मॅडमनी भिंग डोळ्याला लावलं. आणि तशाच वाकून उभ्या राहिल्या.

तो झिंगा होता. करंगळीएवढा, मातकट रंगाचा, अंगावर फिकट पट्टे. दुमडलेले पाय वगैरे काही नव्हते. एक नांगी साधी आणि दुसरी अंगाच्या मानानं फारच मोठी. ती मिटून तो चुटकी वाजवतो, तोच आम्ही ऐकलेला आवाज. वाळू उकरून बीळ करणारा, बिळाच्या आसपासचं बारीकसारीक खाऊन राहणारा जीव. नजर अधू. म्हणून तो बिळाच्या तोंडाशी एका माशाला सोबत घेऊन राहतो. मासा पहारा करतो, झिंगा घर उकरतो. बाहेर आला की आपली लांब मिशी तो माशाच्या अंगावर टेकवून ठेवतो. संकट आलं की मासा शेपूट थरथरवतो आणि दोघं बिळात जातात. मॅडमना हे सगळं ठाऊक होतं. आपल्या टाकीत ते चाललेलं आहे, एवढंच ठाऊक नव्हतं.

त्यांनी झिंगा घाईघाईनं टाकीच्या पाण्याच्या भांड्यात टाकला, हवेची नळी सोडली. मग मला काही न सांगता त्या टाकीला वळसा घालून सरांच्या बाजूला गेल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि सरांच्या उशीला डोकं टेकवून त्यांच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. मीही मागून वाकले. काचेला लागूनच वाळूत एक बीळ होतं. दगड उचलल्यामुळे त्याचं छत अर्धं खचलं होतं. त्याच्या तोंडाशी रफीकभाईंकडून कधीतरी आणलेला पिवळा मासा बसला होता. वाळूचे कण अंगावर घरंगळत होते तरी तो जागचा हलत नव्हता. त्याची शेपूट थरथरत होती.

सरांनी दोन बोटं पुन्हा वर केली. चिकटलेली.

"दोस्त," मॅडम हळूच म्हणाल्या.

सरांनी हात खाली घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. भांड्यातला झिंगा संध्याकाळपर्यंत एक मिशी हलवत होता. दिवेलागणीला तीही थांबली.

हजारो किडे टाचणीला टोचलेल्या, स्पिरिटच्या बाटल्यांत भरलेल्या बाईंनी तो झिंगा बाटलीत ठेवला नाही. अंगणातल्या कढीपत्त्याखाली पुरला. त्या दिवशी त्यांनी गळ्यातलं भिंग काढून कपाटात ठेवलं. पुढे मी ते त्यांच्या गळ्यात पाहिलं नाही.

खरा मारेकरी आठवडाभरात सापडला. मॅडमनी काचेचा पेला तिरका करून वाळूत रोवला होता आणि आत वाळलेल्या माशाचा तुकडा टाकला होता. सकाळी पेल्यात एक केसाळ खेकडा होता. नांग्यांची टोकं काळी. पेल्याच्या गुळगुळीत काचेवरून त्याला वर चढता येत नव्हतं. मॅडमनी त्याला नीट पाहिलं, पुस्तकात पाहिलं, पुन्हा पाहिलं. शंका राहिली नाही. मी विचारलं, आता?

"आता काय," त्या म्हणाल्या. "माह्या हातानं निकाल नाई आता." त्यांनी लोणच्याची मोठी बरणी धुतली, त्यात खारं पाणी, थोडी वाळू, एक दगड घातला आणि खेकड्याला त्यात ठेवलं. हवेची नळी दिली. दर आठवड्याला त्याचं पाणी बदलायच्या, चिमट्यानं खाऊ घालायच्या. त्याच्याशी बोलायच्या नाहीत.

पिवळा मासा मात्र बिळापासून हटत नव्हता. बीळ रोज उकरणारा गेला होता, त्यामुळे वाळू थोडी थोडी आत घसरायची. मग मॅडमनी एक सवय लावून घेतली. सकाळी सरांचं सगळं आटोपलं की लांब चिमटा आणि सरबताची नळी घेऊन त्या टाकीच्या अरुंद बाजूला बसायच्या आणि बिळातली वाळू काढायच्या. झिंग्याचं काम. मासा चिमट्याला भिऊन लांब पळायचा. त्या हात काढून बसून राहायच्या. तो परत यायचा. दुसऱ्या दिवशी बीळ पुन्हा बुजलेलं असायचं. एकदा मी म्हटलं, मॅडम, तो मासा आहे, त्याला दुसरी जागा सापडेल. त्या म्हणाल्या, "सापडन. पण त्याची होती थे कोनी मोडली?"

पावसाळ्यात रफीकभाईंचा निरोप आला, मुंबईला तसाच झिंगा मिळतोय, मागवू का. मॅडम मला म्हणाल्या, या वेळी मी सरांना विचारते. मी तिथेच होते. त्यांनी पलंगाजवळ स्टूल ओढलं, सरांचा हात धरला आणि सावकाश विचारलं, "दुसरा आणू काय?" मग गप्प बसल्या. सरांचे ओठ हलले. न निघाला, तुटला, पुन्हा निघाला. मॅडमच्या तोंडावर दोन्ही शब्द तयार दिसत होते, पण त्यांनी एकही उच्चारला नाही. खूप वेळानं सर म्हणाले, "नको."

झिंगा आला नाही. मला बाहेर सोडायला आल्या तेव्हा मॅडम फाटकाला धरून उभ्या राहिल्या. "कावून नको, थे नाई विचारलं मी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या जिवाचे हाल नको म्हून, का माह्या हाती दुसरा द्याचा नाई म्हून? तेवढं विचाराची हिंमत नोती व पोरी."

दिवाळीच्या आसपास पिवळा मासा दिसेनासा झाला. बहुधा मेला आणि त्या गुलाबी झाडूवाल्यानं त्याला संपवलं. बरणीतला खेकडा तसाच होता. वाढलाही होता.

माझी बदली अमरावतीला झाली. हिवाळ्यात तिथे कपाशी आणि संत्रा उत्पादकांचा मेळावा होता. मी आग्रहानं मॅडमना बोलावलं. शेजारच्या बाईंना सरांपाशी बसवून त्या एसटीनं आल्या. मंडपात चार-पाचशे माणसं. विषय होता मित्रकिडी. मॅडम माइकसमोर उभ्या राहिल्या आणि टाकीचीच गोष्ट सांगायला लागल्या. शेतकरी आधी हसले. समुद्रातला झिंगा, अकोल्याच्या घरात, त्याला सोडा पाजला, हसण्यासारखंच होतं. मॅडम हसल्या नाहीत. हे मी तुमाले जन्मभर शिकवलं, त्या म्हणाल्या, अन् माह्या घरात मीच नाई पाळलं. पाह्यलं नाई, नुसतं ऐकलं. अन् ज्यानं पाह्यलं होतं, थो सांगत होता, त्याचं ऐकलं नाई. 

बायकांच्या बाजूनं एक तरुण बाई उभी राहिली. कडेवर मूल होतं. तिनं विचारलं, "मंग त्याच्या जोडीदाराचं काय झालं, मॅडम?"

 मॅडम माइकचा दांडा सोडून खुर्चीत येऊन बसल्या. पुढचं भाषण मी उरकलं. बसस्टँडवर सोडताना मी म्हटलं, एवढं मनाला लावून घेऊ नका, एक झिंगा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "झिंगा झिंगा काय करतं," त्या म्हणाल्या. "हे मानूस त्या दिवसापर्यंत साडेतीन महिने मले काहीबाही सांगत असन. त्यातलं कितीकाचं मी डोस समजली, कोनाले माहीत."

बस हलली तरी त्या खिडकीतून बाहेर पाहत नव्हत्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. पुढे त्यांचा मुलगा दोघांनाही पुण्याला घेऊन गेला आणि वर्षाच्या आत मॅडमच आधी गेल्या, झोपेत, हृदय थांबून. मला फोनवर कळलं. सर आहेत अजून. म्हणून ते शेवटचं पाहणं माझ्या मनात आहे तसंच लिहून ठेवते.

फेब्रुवारी होता. मृग बहाराची संत्री निघाली होती. मोर्शीहून घरची थैलीभर संत्री घेऊन मी अकोल्याला गेले, न कळवता. दार उघडं होतं, जाळीचं दार नुसतं लोटलेलं. एक चप्पल काढली आणि आत पाहिलं तर मॅडम खाली फरशीवर बसलेल्या होत्या, पलंगाला टेकून. सरांचा चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर. टाकीतलं पाणी काढून टाकलेलं होतं आणि काचेवर मिठाचे पांढरे डाग होते.

मी हाक मारणार तेवढ्यात मॅडमनी माझ्याकडे न बघता एक हात वर केला. थांब. मी तिथेच, एक पाय फरशीवर, एक पाय चपलेत, उभी राहिले.

"च," सर म्हणाले.

चादर, चष्मा, चमचा, चटणी. मला इतके शब्द सुचले की ओठ दाबून धरावे लागले. मॅडम नुसत्या त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. सरांनी डोळे घट्ट मिटले, उघडले. गळ्याची शीर ताणली गेली.

"च," ते पुन्हा म्हणाले. आणि मग, "हा."

मॅडमनी मान हलवली. उठल्या नाहीत.

"साखर?" त्यांनी विचारलं, आणि हनुवटी गादीच्या कडेला टेकवून त्या पुन्हा वाट पाहायला लागल्या.